सही शिकवणाऱ्या बाई : सेप्टिमा क्लार्क



मतदानाचा दिवस आठवा. आपण रांगेत उभे राहतो, यादीत नाव सापडते, बोटाला शाई लागते आणि आपण आत जाऊन मत देऊन येतो. तुला वाचता येते का, लिहिता येते का, असे तिथे कोणी विचारीत नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल आपल्या ध्यानातही येत नाही.

आता अशी कल्पना करा. मतदार म्हणून नाव नोंदवायला आपण कचेरीत गेलो. टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याने राज्यघटनेचे पुस्तक उघडले, एका कलमावर बोट ठेवले आणि म्हटले, "वाच." वाचता आले तर नाव लागेल, नाही तर वाट धर. आणि कोण वाचू शकला, कोण नाही, हे ठरवणारा तोच अधिकारी! ही कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्याने १८९५ च्या घटनेने हीच अट घातली. ज्याच्या नावावर ठरावीक किमतीची मालमत्ता असेल त्याला सूट होती. आता मालमत्ता कोणाची आणि शाळा कोणाला, हे सांगायला नकोच. गुलामगिरी १८६५ साली संपली होती. पण तिच्यातून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना मताच्या पेटीपासून दूर ठेवण्याची ही युक्ती होती. दक्षिणेतल्या इतर राज्यांनीही थोड्याफार फरकाने तेच केले.

हे कुलूप उघडण्यासाठी जी माणसे झटली, त्यांपैकी डॉ. मार्टिन लूथर किंग यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. आज मी आपल्याला ज्या बाईंची ओळख करून देणार आहे, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. त्या होत्या एक शाळामास्तरीण. नाव सेप्टिमा पॉइनसेट क्लार्क.

सेप्टिमाबाईंचा जन्म ३ मे १८९८ रोजी चार्ल्सटन या बंदराच्या शहरी झाला. वडील जन्माने गुलाम होते. आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. मुलगी शिकली आणि १९१६ साली, अठराव्या वर्षी, शिक्षिका झाली. पण त्या काळी चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत, मुले कृष्णवर्णीय असली तरी, शिकवायला गोरे शिक्षकच नेमीत. म्हणून या मुलीला शहर सोडून जॉन्स बेटावर जावे लागले. बेटावर पूल नव्हता. होडीने तासन् तास प्रवास करावा लागे.

तिथली शाळा कशी होती, ते ऐका. मुले १३२, आणि शिक्षिका दोन. सेप्टिमाबाई मुख्याध्यापिकाही होत्या, त्यांना पगार ३५ डॉलर. रस्त्याच्या पलीकडे गोऱ्यांची शाळा होती. तिथे मुले तीन, आणि शिक्षिकेला पगार ८५ डॉलर! कापसाचा हंगाम आला की बेटावरची मुले शेतात राबायला जात आणि वर्ग ओस पडे. पुस्तके नव्हती. तेव्हा बाईंनी लाँड्रीच्या कागदी पिशव्या घेतल्या आणि मुलांनी सांगितलेल्याच गोष्टी, त्यांच्या आसपासच्या झाडांच्या, खाण्यापिण्याच्या, त्या पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिल्या. तेच त्या मुलांचे वाचनाचे पहिले पुस्तक. संध्याकाळी मोठी माणसेही येऊ लागली. त्यांना आपल्या मंडळाच्या सभेत उभे राहून चार शब्द बोलायचे असत, ते वाचता यावेत एवढीच त्यांची इच्छा. बाईंनी त्यांनाही शिकवले. पुढे चाळीस वर्षांनी जे मोठे काम त्यांच्या हातून झाले, त्याचे बी या बेटावर पेरले गेले.

चार्ल्सटनच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना प्रवेश मिळावा म्हणून १९१९ साली सह्यांची मोहीम निघाली. सेप्टिमाबाई दारोदार हिंडल्या आणि सह्या गोळा केल्या. १९२० साली ती बंदी उठली. त्याच साली त्यांनी एका खलाशाशी लग्न केले. पण संसारसुख त्यांच्या वाट्याला फार आले नाही. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. १९२५ साली मुलगा झाला आणि त्याच वर्षी पती वारले. तुटपुंज्या पगारात एकटीने मूल वाढवणे जमेना, म्हणून मुलाला दुसऱ्या राज्यात त्याच्या आजीआजोबांकडे ठेवावे लागले. पोटच्या पोराला दूर ठेवून दुसऱ्यांची पोरे शिकवायची, असे हे आयुष्य.

पुढे कोलंबिया शहरात अठरा वर्षे नोकरी झाली. तिथे समान कामाला समान वेतन मिळावे म्हणून शिक्षकांनी खटला भरला. त्यांची बाजू मांडणारे वकील होते थर्गुड मार्शल; हेच मार्शल १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९४५ साली शिक्षकांच्या बाजूने निकाल लागला. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांत शिकून, सेप्टिमाबाई १९४२ साली पदवीधर झाल्या आणि १९४६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एम. ए. झाल्या. मग त्या चार्ल्सटनला परतल्या.

श्रोतेहो, इथपर्यंतची कहाणी एका कष्टाळू शिक्षिकेची आहे. खरी कसोटी यापुढे लागली.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनेला धरून नाही. दक्षिणेतली सरकारे चवताळली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात झगडणारी एक राष्ट्रीय संघटना १९०९ पासून काम करीत होती. १९५६ साली दक्षिण कॅरोलायनाने कायदाच केला की कोणाही सरकारी नोकराने त्या संघटनेचे सभासद असता कामा नये. सेप्टिमाबाई सभासद होत्या. सभासदत्व लपवणे सोपे होते, पुष्कळांनी लपवले. बाईंनी लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली. वय अठ्ठावन्न. निवृत्तिवेतनही गेले.

त्यांच्या ओळखीच्या शिक्षित महिलांच्या मंडळाने त्यांचा सत्कार केला. भाषणे झाली, कौतुक झाले. मात्र बाईंच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यायला मंडळी कचरली. उद्या ते छायाचित्र कोणाच्या हाती लागले तर आपलीही नोकरी जाईल! त्यांना नावे ठेवू नयेत. चूल पेटती ठेवायची असली की माणूस भितो.

बाईंनी हा कायदा अन्यायाचा आहे असे सरकारला सांगा म्हणून ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे लिहिली. उत्तरे किती आली? सव्वीस. अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष जायला तयार किती झाले? अकरा. आणि ठरल्या दिवशी आले पाच!

दुसरा कोणी असता तर समाजाच्या नावाने बोटे मोडून मोकळा झाला असता. बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. हे माझे मोठे अपयश, असे त्यांनी पुढे सांगितले. ज्या गोष्टीसाठी माणसांच्या मनाची तयारी झाली नव्हती, त्या गोष्टीकडे मी त्यांना ढकलू पाहिले, हा त्यातून त्यांनी काढलेला अर्थ. माणूस आतून तयार झाला पाहिजे, आणि ती तयारी पत्राने होत नाही, शेजारी बसून करावी लागते. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली या विचारात आहे. म्हणून हे आकडे मी मुद्दाम सांगितले.

टेनेसी राज्यातल्या डोंगरात मायल्स हॉर्टन नावाच्या गोऱ्या गृहस्थांनी १९३२ साली 'हायलँडर' नावाची एक लोकशाळा काढली होती. गोरे आणि काळे एका पंगतीला जेवतात, एका खोलीत बसून चर्चा करतात, अशी दक्षिणेतली ती फार थोड्या जागांपैकी एक. सेप्टिमाबाई तिथल्या शिबिरांना जात आणि शिबिरे घेतही. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या शिबिराला मॉन्टगोमेरी शहरातून एक अबोल बाई आल्या होत्या. त्यांचे नाव रोझा पार्क्स. त्याच वर्षी १ डिसेंबरला रोझाबाईंनी बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला आणि तिथून बस-बहिष्काराचे मोठे आंदोलन उभे राहिले. नोकरी गेल्यावर सेप्टिमाबाईंना याच हायलँडरने कामावर घेतले.

आता पुन्हा जॉन्स बेटावर चला. तिथे एसाऊ जेंकिन्स नावाचे एक गृहस्थ स्वतःची बस चालवीत आणि बेटावरच्या मजुरांना रोज चार्ल्सटनला नेत. वाटेत ते उतारूंना राज्यघटनेतली कलमे वाचून दाखवीत. एका बाईंनी ऐकून ऐकून ती पाठ केली. पण त्यांना खंत ही की मला वाचता येत नाही, मी नुसती घोकते. मला खरोखर वाचायला शिकवा. जेंकिन्स यांनी हा प्रश्न हायलँडरमध्ये मांडला.

मग एक जुनी इमारत घेतली गेली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान, मागल्या खोलीत वर्ग. दुकान चालले म्हणजे पैसे येतील, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्यांना संशयही येणार नाही! ७ जानेवारी १९५७ रोजी तिथे पहिली 'नागरिक शाळा' भरली. विद्यार्थी चौदा, सगळे प्रौढ.

शिकवायला कोणाला नेमले? इथे बाईंची दृष्टी पाहा. त्यांनी पदवीधर शिक्षक निवडला नाही. त्यांच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन या केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बाई होत्या, त्यांना गळ घातली. याला कारणे होती. सरकारी शिक्षकाला नोकरीची भीती. बर्निसबाईंची गिऱ्हाइके सगळी कृष्णवर्णीय, त्यांचे पोट कोणा गोऱ्या साहेबावर अवलंबून नव्हते. दुसरे असे की, शिकलेला माणूस अडाण्यापुढे उभा राहिला की नकळत चढेल होतो. बर्निसबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की मी काही शिक्षिका नव्हे, आपण मिळून शिकू. आणि विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे?

उत्तरे साधी होती. कोणाला मनिऑर्डर लिहायची होती. कोणाला टपालाने माल मागवण्याचा फॉर्म भरायचा होता. कोणाला बायबल वाचायचे होते. कोणाला परगावी गेलेल्या मुलाचे पत्र स्वतः वाचायचे होते, शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते. आणि सगळ्यांना सही करायची होती. तोच अभ्यासक्रम झाला! पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून द्यायचे आणि त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची. कुदळ-फावड्याला सरावलेला हात हळूहळू अक्षराला सरावतो. आपल्याकडे पाटीवर अक्षर गिरवतात, तसेच. मग मनिऑर्डरीचा हिशेब, मग घटनेची कलमे, त्यातल्या अवघड शब्दांचे अर्थ.

बर्निसबाईंनी भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. जाता जाता सांगतो, त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते, ते बदलून 'सर्व मानव' असे शब्द घालावेत, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांचा. तेव्हा त्या बेटावरच्या बायामाणसे जे वाचत होती, त्यात आपल्याही एका भगिनीचा शब्द होता.

त्या वर्गात पासष्टीच्या एक आजीबाई होत्या. एके दिवशी फळ्यावर अनेक नावे लिहिली होती. आजीबाई उठल्या, त्यांतले आपले नाव ओळखले आणि म्हणाल्या, हे माझे नाव. बर्निसबाई सांगत की तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शिक्षक मित्रांनो, हा काटा तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल.

वर्ग संपल्यावर त्यांतल्या अनेकांनी कचेरीत जाऊन कलम वाचून दाखवले आणि नाव नोंदवले. बातमी शेजारच्या बेटांवर गेली. एडिस्टो, वॉडमलॉ, मग चार्ल्सटनच्या आसपास, एकामागून एक शाळा निघाल्या. सरकारलाही वास लागला. ३१ जुलै १९५९ रोजी पोलिसांनी हायलँडरवर छापा घातला आणि दारू बाळगल्याचा आळ घेऊन एकसष्ट वर्षांच्या सेप्टिमाबाईंना पकडले. बाई दारूला शिवतही नव्हत्या. आरोप पुढे सोडून द्यावा लागला. पण १९६१ साली हायलँडरची सनद रद्द झाली.

तोपर्यंत हे काम डॉ. किंग यांच्या संघटनेने आपल्याकडे घेतले होते. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात पाच पाच दिवसांची शिबिरे भरू लागली. सेप्टिमाबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे तिघे गावोगाव मोटारीने फिरत आणि माणसे वेचून आणीत. पदवी विचारीत नसत. गावात ज्याच्याकडे लोक अडीअडचणीला जातात, ज्याला थोडे वाचता येते आणि ज्याच्या शब्दाला मान आहे, असा माणूस हवा. शेतमजूर, न्हावी, दाया, मोलकरणी. पाच दिवस शिकून ते घरी परतत आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, दुकानात वर्ग काढीत. १९७० पर्यंत अशा शेकडो शाळा झाल्या. मिसिसिपीतल्या कापूसवेचणी मजूर फॅनी लू हेमर या अशाच शिकलेल्यांपैकी. १९६३ साली अशाच एका शिबिराहून परत जाताना त्यांना वाटेत पकडून तुरुंगात निर्दयपणे मारहाण झाली. तरी त्या मागे हटल्या नाहीत, पुढे साऱ्या देशाला माहीत झालेल्या पुढारी झाल्या. सही गिरवण्याच्या वर्गाला सरकार का भीत होते, हे आता कळेल.

डॉ. किंग यांचा बाईंवर लोभ होता. १९६४ साली नोबेल पारितोषिक घ्यायला ते ऑस्लोला गेले, तेव्हा त्यांनी बाईंना बरोबर नेले. पण म्हणून बाईंनी आपले मत गिळले नाही. एकदा त्यांनी किंग यांना पत्र लिहिले की प्रत्येक मोर्चाच्या पुढे तुम्हीच चालू नका. गावोगावच्या माणसांना आपापले मोर्चे चालवू द्या, म्हणजे नवे नेते तयार होतील. ते पत्र बैठकीत वाचून दाखवले गेले आणि मंडळी हसली. कार्यकारिणीत या बाई कशाला, असेही विचारले जाई. न्यायासाठी लढणाऱ्या पुरुषांनाही बाईमाणसाचे बोलणे ऐकण्याची सवय नव्हती. सेप्टिमाबाईंनी हे नंतर स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि किंग यांच्याविषयीचा आदरही कायम ठेवला. १९६८ साली किंग यांची हत्या झाली. साऱ्या चळवळीची दोरी एका हातात असली म्हणजे काय होते, ते तेव्हा लोकांना कळले.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला आणि जिथे तिचा गैरवापर होत होता तिथली वाचनाची परीक्षा बंद पडली. पुढे १९७५ साली ती साऱ्या देशातून कायमची गेली. लढा मात्र संपला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली आणि वाद नव्याने पेटला. मिळवलेला हक्क राखावाही लागतो.

बाई १९७० साली निवृत्त झाल्या. १९७५ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, त्या चार्ल्सटनच्या शालेय मंडळावर निवडून आल्या. ज्या शहराच्या शाळेतून त्यांना काढले होते, तिथल्याच शाळांचा कारभार पाहायला! १९७६ साली त्यांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले आणि १९८१ साली थकलेली रक्कमही मंजूर झाली. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी देह ठेवला, तोही जॉन्स बेटावरच.

श्रोतेहो, आपल्याकडे १९५१ च्या शिरगणतीत शंभरांतली अवघी अठरा माणसे साक्षर होती. तरी आपल्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले, शाळेचा दाखला मागितला नाही. त्यापूर्वी मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहूनच मत मिळे. सर्व प्रौढांना मत हवे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे केली होती. पहिल्या निवडणुकीत माणसांनी चिन्ह पाहून मत दिले आणि देश चालला. सेप्टिमाबाईंच्या लोकांना जे दार अक्षरांनी फोडावे लागले, ते आपल्याला उघडे मिळाले.

पण दार उघडे मिळाले म्हणून अक्षराचे काम संपत नाही. अंगठा उठवला त्या कागदावर काय लिहिले होते, हे ज्याला वाचता येत नाही त्याचे मत शाबूत राहते, जमीन जाते. हे ओळखूनच जॉन्स बेटावरच्या वर्गानंतर दोनच वर्षांनी, १९५९ साली, साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्या माणसांना गिरवायला बसवणारे ते प्राथमिक शिक्षक आणि मागल्या खोलीतल्या बर्निसबाई यांची कधी गाठ पडली नाही; काम मात्र एकच होते.

आज सातबारा फोनवर दिसतो, पैसे बँकेत जमा होतात, अर्ज यंत्रावर भरतात. आणि गावात अजूनही एखादी आजी दुसऱ्याला विचारते, "बाळा, यात काय लिहिलंय रे?" ते वाचून दाखवा, हे चांगलेच. पण सेप्टिमाबाईंच्या वाटेने जायचे तर तिच्या शेजारी बसा आणि आधी तिला विचारा, "आजी, तुम्हाला स्वतःला काय वाचता यावंसं वाटतं?" ती जे सांगेल, तिथून पहिला धडा सुरू करा.